डिमसम: झगमगाटातलं की गर्दीतलं?

डिमसम म्हणजे चहासोबत खायचे छोटे चिनी पदार्थ, बहुतेक वाफवलेले. महागड्या चायनीज रेस्टॉरंटात त्यातले हार गाव, म्हणजे पातळ आवरणात कोळंबी भरलेले वाफवलेले डिमसम, मागवले. टोपली सुरेख, आत तीनच नग, आणि उचलताच आवरण फाटून बुडाला चिकटलं. गव्हाच्या स्टार्चचं हे आवरण वाफेवरून उतरल्या उतरल्या खायचं असतं. अर्धपारदर्शक, किंचित चिवट. इथे ते गार आणि पिठूळ, आतली कोळंबी रबरासारखी. चहाचे पैसे वेगळे, वर सर्व्हिस चार्ज!

दुसरा पर्याय, ढकलगाडीवर टोपल्या फिरवणारं गजबजलेलं कँटनी (दक्षिण चिनी) चहाघर. टेबलक्लॉथ नाही, वेटर हसेलच असं नाही. पण खप दांडगा, त्यामुळे टोपल्या ताज्या येतात. माझं मत सरळ यालाच. फक्त गर्दी ओसरल्यावर जाऊ नका. गाडीवर फिरून फिरून तिथलेही शू माय (मांस भरलेले, वरून उघडे डिमसम) सुकतात.