पॉकेट होलसाठी बॅटरीचं यंत्र, साधी जिग की सुताराचा कुसू?

पॉकेट होल म्हणजे फळीत तिरकं पाडलेलं भोक; त्यातून घातलेला स्क्रू दोन फळ्या जोडतो. आधी निकाल सांगून टाकतो. साइटवर जाऊन रोज प्लायचे बॉक्स बांधत असाल, तर बॅटरीवर चालणारं, हातात धरायचं पॉकेट होल यंत्र घ्या; पैसे वसूल होतील. गावच्या घरापुरतं काम असेल, म्हणजे एखाद-दुसरं कपाट, रॅक, गणपतीचं मखर, तर साधी जिग (ड्रिलला कोन धरून देणारा ठोकळा) आणि घरातला ड्रिल पुरे. आणि ज्यावर माणूस बसणार, झोपणार किंवा झुलणार आहे, ती वस्तू सुताराकडून कुसू-भोकाच्या सांध्याने, म्हणजे एका लाकडाचं कोरलेलं टोक दुसऱ्याच्या भोकात बसवून, करून घ्या.

घाटावर एवढ्यावर भागेल. कोकणात भागत नाही. इथे सांधा बिघडतो तो भोक कशाने पाडलं यावरून क्वचितच. आतला स्क्रू गंजतो, किंवा पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि स्क्रूची पकड सैल करतं. तिन्ही पर्याय मी त्याच नजरेने तोलतोय.

सांधा नेमका कसा धरतो

एका फळीच्या टोकाजवळ साधारण 15 अंशांच्या कोनात तिरकं भोक पाडायचं. त्यासाठीचं बिट पायरीचं असतं: मागचा भाग साडेनऊ मिलिमीटर जाड, पुढचं टोक बारीक. त्यामुळे भोकाच्या आत एक सपाट बैठक तयार होते. स्क्रूचं डोकं त्या बैठकीवर टेकतं, स्क्रू फळीच्या टोकातून बाहेर पडून दुसऱ्या फळीत शिरतो आणि दोन्ही घट्ट ओढून धरतो. फेविकॉल लावला असेल तर तो सुकेपर्यंत शिकंज्याचं काम स्क्रूच करतो, म्हणून काम भराभर पुढे सरकतं.

पद्धत जुनीच आहे. घरोघरी पोचली ती अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या क्रेग सोमरफेल्ड यांच्यामुळे. 1980च्या दशकात स्वतःच्या स्वयंपाकघराची कपाटं करताना त्यांनी यासाठी जिग बनवली आणि त्यातून क्रेग ही कंपनी उभी राहिली. आज त्यांच्या 320, 520 प्रो, 720 अशा जिग आहेत आणि अलीकडे रेबेल नावाचं 20 व्होल्टचं कॉर्डलेस यंत्रही आलंय. (तो 20चा आकडा पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीचा. चालताना ती 18 व्होल्टचीच. दुकानदार फरक मोठा करून सांगायला लागला तर गालातल्या गालात हसा.)

यंत्र: कुठे धावतं, कुठे नुसतं वजन

जिगने काम करताना खरा वेळ भोक पाडण्यात जात नाही. जिग जागेवर धरायची, शिकंजा आवळायचा, ड्रिल चालवायचा, शिकंजा सोडायचा, पुढे सरकायचं, पुन्हा आवळायचं, यात तो जातो. यंत्रात मार्गदर्शक नळी आणि मोटर एकत्रच असतात. यंत्र फळीवर टेकवलं, ट्रिगर दाबून मोटर पुढे ढकलली की भोक तयार. आठ बाय चार फुटांची सहा सुताची (18 मिलिमीटर) शीट उचलून टेबलावरच्या जिगपाशी न्यायची कसरत वाचते, कारण यंत्रच शीटपाशी जातं. होमस्टेच्या चार खोल्यांचे वॉर्डरोब एकाच वेळी बांधताय, तर हा फरक संध्याकाळी कंबरेला कळतो.

वीज हा कोकणातला दुसरा मुद्दा. जून ते सप्टेंबर लाइट कधी जाईल याचा नेम नाही. 3 जून 2020ला श्रीवर्धनजवळ निसर्ग वादळ धडकलं, तेव्हा रायगड आणि दापोली-मंडणगडातली कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती आणि नेमकं तेव्हाच प्रत्येक घराला सुतारकाम हवं होतं. बॅटरी इन्व्हर्टरवर किंवा गाडीत चार्ज करून काम रेटता येतं. पण हा गुण पॉकेट होल यंत्राचा नाही, बॅटरीचा आहे. साधा कॉर्डलेस ड्रिलही तेवढाच कामाला येतो आणि भोक पाडून झालं की त्यानेच स्क्रू आवळता येतो, बिजागऱ्या बसवता येतात, भिंतीत रॉलप्लग ठोकायची तयारी करता येते. यंत्र भोक पाडून थांबतं. स्क्रू बसवायला ड्रिल लागतोच. म्हणजे यंत्र घेणाऱ्याला दोन अवजारं घ्यावी लागतात, जिग घेणाऱ्याला एक अवजार आणि एक प्लास्टिकचा ठोकळा.

आणखी एक गोष्ट. यंत्राची बॅटरी त्याच कंपनीची. तुमच्याकडे बॉशच्या किंवा मकिताच्या बॅटऱ्या असतील तर त्या यात बसणार नाहीत. घरात तिसरा चार्जर येणार.

साधी जिग

दोन भोकांची छोटी जिग आणि एक शिकंजा. एवढ्याने 12 मिलिमीटरपासून 38 मिलिमीटरपर्यंतची जाडी हाताळता येते. यंत्राच्या पैशात चांगला ड्रिल, जिग, दोन-तीन शिकंजे आणि स्क्रूंचे डबे येऊन वर काही उरतं. भोकाच्या प्रतीत फरक नसतो. बिट सारखंच, कोन सारखाच. फरक फक्त वेगाचा, आणि वेगाला किंमत किती हे भोकं किती पाडायची यावर ठरतं.

छोटी जिग मोठ्या शीटवरही शिकंज्याने अडकवता येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. तिला टेबलाची गरज नाही. ओटीवर, पडवीत, मचाणावर बसून काम होतं. कंटाळवाणं होतं, पण होतं. शिकंजा न आवळता नुसती हाताने दाबून धरली तर मात्र जिग सरकते आणि भोक फळीच्या पलीकडून बाहेर येतं. सनमायका लावलेल्या शीटवर ते झाकणं जमत नाही.

आणि सुतार

इथे एक गैरसमज आधी दूर करतो. सुतार म्हणजे कुसू, पटाशी आणि लाकडी खुंटी, असं चित्र आपल्या मनात असतं. प्लायमध्ये आजचा सुतार कुसू काढत नाही. तो फेविकॉल लावतो, खिळे ठोकतो किंवा बाहेरून सरळ स्क्रू मारतो आणि वरून सनमायका चढवतो. हे काही वाईट काम नव्हे. बॉक्सच्या बाहेरच्या अंगावर नंतर सनमायका लागणारच असेल, तर बाहेरून मारलेला सरळ स्क्रू पॉकेट होलइतकाच चांगला धरतो, आणि भोक पाडायची खटपट वाचते. पॉकेट होलची खरी गरज लागते ती बाहेरची बाजू आधीच तयार असेल तेव्हा: आधीच लॅमिनेट केलेली शीट, पॉलिश केलेली सागाची फळी, किंवा भिंतीला चिकटून उभ्या कपाटात नंतर घालायचा कप्पा. म्हणून यंत्राचा विचार करण्याआधी आपल्या कामात अशा जागा किती, ते मोजा. बरेच जण इथेच थांबतील.

भरीव लाकडात गोष्ट वेगळी. खुर्ची, ओटीवरचा बाक, पलंग, झोपाळा यांच्या सांध्यावर जोर सरळ ओढायचा नसतो, हलवायचा असतो. बसणारा मागे रेलतो, पोरं उड्या मारतात, झोपाळा पुढे-मागे जातो. पॉकेट स्क्रू ओढ चांगली सहन करतो, पण रोजच्या हिसक्यांनी त्याच्याभोवतीचं लाकूड हळूहळू कुटलं जातं. कुसू मात्र भोकात चारही बाजूंनी टेकलेला असतो आणि वर खुंटी मारलेली असते. झोपाळ्याला पॉकेट होल? कुणी सुचवलं तर त्यालाच आधी बसवा. सिंधुदुर्गात गणपतीवर माटवी नावाची लाकडी चौकट टांगतात. नारळ, सुपारीचे घोस, काकड्या धरून तिचं ओझं बरंच होतं. तिचे कोपरेही खाच पाडून बसवलेले बरे, कारण खाली मूर्ती असते आणि माणसंही.

मखराचं उलट. वर्षातून एकदा उभं करायचं, विसर्जनानंतर सोडवून माळ्यावर ठेवायचं. इथे गोंद न लावता नुसते पॉकेट स्क्रू घातले की चौकट दर वर्षी उघडता-जोडता येते. हे काम सुतारापेक्षा जिगवाल्याला सोपं, आणि श्रावणात सुतार मिळतो कुठे? गणपतीआधी चाकरमान्यांची कामं घेऊन तो महिना-महिना बांधलेला असतो.

स्क्रू, ज्याबद्दल कुणी बोलत नाही

गावच्या हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू मागितला की जिप्समचा काळा स्क्रू हातात पडतो. पॉकेट होलसाठी तो दोन कारणांनी चुकीचा. त्याचं डोकं निमुळतं असतं. बैठकीवर टेकण्याऐवजी पाचरीसारखं आत घुसतं आणि फळी चिरते. आणि त्यावरचा काळा थर खाऱ्या हवेत टिकत नाही. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या घरात एक-दोन पावसाळ्यांत डोक्याची खाच गंजून सपाट होते. मग तो सोडवताही येत नाही.

मागायचा तो सपाट बुडाच्या, रुंद डोक्याचा स्क्रू. घरात, कोरड्या भिंतीला लागून असेल तर जस्ताचा थर दिलेला चालेल. स्वयंपाकघर, न्हाणीजवळची जागा, पडवी इथे स्टेनलेसच घ्या. साधारण 304 ग्रेड पुरते, किनाऱ्याला अगदी लागून असाल तर 316. स्टेनलेस स्क्रू कडक केलेल्या पोलादी स्क्रूपेक्षा नरम असतो, कठीण लाकडात आवळताना डोकं तुटतं. आधी बारीक भोक पाडा, आट्यांवर मेण किंवा साबण घासा आणि ड्रिलचा क्लच खालच्या आकड्यावर ठेवा. बाभूळ, अकेशियासारख्या टॅनिन असलेल्या लाकडात साधा लोखंडी स्क्रू ओलाव्याने निळसर-काळा डाग सोडतो. तो घासून जात नाही.

लांबी: 18 मिलिमीटरला 32ची, 12ला 25ची, 38ला 64ची. जाड आट्यांचा स्क्रू प्लाय आणि मऊ लाकडाला, बारीक आट्यांचा साग-ऐनासारख्या कठीण लाकडाला.

लाकडावरून निवड

स्वयंपाकघरात प्लाय घेताना आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का पाहून मरीन ग्रेड घ्या. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डचं नावच नको: कडा ओल ओढून फुगतात आणि फुगलेल्या भुश्शात स्क्रूला धरायला काही उरत नाही. तिथे यंत्र भारी असो की जिग स्वस्त, निकाल एकच.

फणसाचं लाकूड चांगलं वाळलेलं असेल तर पॉकेट होल छान घेतं. सागही घेतो, पण त्यातल्या वाळूसारख्या कणांनी बिटाची धार लवकर जाते. पायरीचं बिट गावात धार लावून मिळणं कठीण, पायरीचा आकार बिघडतो; जास्तीचं बिट बरोबरच मागवा. आंब्याचं लाकूड स्वस्त पडतं, पण फुगतं-आकसतं जास्त आणि किडीला आवडतं. जुन्या घराच्या उतरवलेल्या ऐन-किंजळाच्या तुळया वापरणार असाल तर आधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा लपलेला असतो आणि बिटाचं टोक त्यावरच जातं. शिवाय अशा दगडासारख्या लाकडात बॅटरी भराभर उतरते.

भरीव लाकडाचं टेबल करताना वरचा पाट चौकटीला पॉकेट स्क्रूने पक्का आवळू नका. जुलैत पाट रुंदीला फुगतो, मार्चपर्यंत आकसतो. हलायला जागा नसेल तर मधोमध चीर पडते. तिथे खाचेत सरकणारी लाकडी बटणं लावावीत, सुतार लावतात तशी. प्लायला हा नियम लागू नाही, म्हणून पॉकेट होल आणि प्लाय यांची जोडी इतकी जमते.

भोकं उघडी ठेवू नका, हेही इथलंच. साडेनऊ मिलिमीटरचं तिरकं भोक कुंभारमाशीला घर म्हणून पसंत पडतं; मातीने बुजवून टाकते आणि मग स्क्रू शोधत बसा. लाकडी किंवा प्लास्टिकची बुचं स्वस्तात मिळतात.

यंत्रच घ्यायचं ठरलं तर

अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवत असाल, तर चार्जर 120 व्होल्टचाच असण्याची शक्यता जास्त. त्याच्या पाटीवर 100-240 लिहिलेलं नसेल तर इथल्या 230वर तो लावताच जळेल. यंत्रातून काढलेली किंवा जादाची बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, हातातल्या बॅगेतच आणावी लागते. 4 अँपिअर-तासाची बॅटरी 72 वॉट-तासांची होते, म्हणजे विमानांच्या नेहमीच्या 100च्या मर्यादेत बसते. इथल्या आयातदाराकडून घेतलं तर बॅटरीची हमी कोण निभावणार ते बिलावर लिहून घ्या, कारण यंत्रात आधी दम तोडते ती बॅटरीच.

पावसाळ्यात काम बंद असेल तेव्हा बॅटरी यंत्रातून काढा, निम्मी चार्ज करून झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पितळी टोकांवर हिरवट थर धरला तर कोरड्या कापडाने पुसून मगच चार्जरला लावा. बिटांना आणि मार्गदर्शक नळीला मशीन ऑइलचा हात फिरवून ठेवा.