वैयक्तिक विकी अनेक संगणकांवर: ड्रॉपबॉक्स, सिंकथिंग, गिट की स्वतःचा सर्व्हर?

आपला विकी, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या आपल्या नोंदींचा संग्रह, दोन-तीन संगणकांवर सारखा ठेवायचा म्हटलं की बहुतेक जण आधी सिंकचं, म्हणजे प्रती जुळवून ठेवायचं, साधन निवडायला बसतात. माझ्या मते आधी बघायचं ते हे, की विकी डिस्कवर कोणत्या रूपात असतो: सगळा मिळून एकच फाइल, की प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल? निम्मा निर्णय तिथेच होतो.

एकाच फाइलीचा विकी

जेरेमी रस्टन यांनी २००४ मध्ये आणलेला टिडलीविकी हे याचं ठळक उदाहरण. नोंदी, शोध, संपादक, सगळं एका एचटीएमएल फाइलीत. ती ड्रॉपबॉक्सच्या (कंपनीच्या सर्व्हरमार्फत फाइली जुळवणारी सेवा) फोल्डरमध्ये टाकली की काम झालं असं वाटतं. जो सेव्ह करून टॅब बंद करतो आणि मगच दुसऱ्या संगणकावर बसतो, त्याचं होतंही.

पण उघडलेला टिडलीविकी पूर्णच्या पूर्ण ब्राउझरच्या मेमरीत असतो. डेस्कटॉपवर टॅब तसाच ठेवून तुम्ही लॅपटॉपवर चार नोंदी लिहिल्या, तर नवी फाइल डेस्कटॉपच्या डिस्कवर येऊन बसते, टॅबला मात्र त्याचा पत्ता नसतो. परत येऊन त्या टॅबमध्ये एक ओळ लिहून सेव्ह केलंत की लॅपटॉपवरच्या चारही नोंदी पुसल्या जातात. ड्रॉपबॉक्सच्या दृष्टीने यात काहीच वावगं नाही: नवी फाइल आली, नंतर तीच फाइल पुन्हा बदलली. त्यामुळे इशारा म्हणून ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ (न जुळणाऱ्या फाइलीची वेगळी प्रत) सुद्धा तयार होत नाही. ती तयार होते एकमेकांचे बदल पोचण्याआधी दोन्हीकडे फाइल बदलली गेली तरच.

अशा वेळी जुन्या आवृत्त्या उपयोगी पडतात, आणि इथे ड्रॉपबॉक्स सरस. फुकटच्या खात्यातही ३० दिवसांपर्यंत मागे जाता येतं. मात्र त्या खात्याला तीनच उपकरणं जोडता येतात, आणि फोनही त्यात मोजला जातो.

संगणक थेट एकमेकांशी जोडून फाइली जुळवणाऱ्या सिंकथिंगमध्ये अशी मर्यादा नाही. ते मुक्त स्रोत आहे आणि तुमच्या नोंदी कुठल्या कंपनीच्या सर्व्हरवर साठवल्या जात नाहीत. अडचण वेगळीच आहे: दोन्ही संगणक एकाच वेळी चालू असायला हवेत. एक बंद करून दुसरा सुरू करायची सवय असेल तर ते कधी भेटतच नाहीत. मग कायम चालू राहणारा तिसरा संगणक मध्ये ठेवावा लागतो. शिवाय जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय मुळात बंद असते. चालू केली तरी दुसऱ्या संगणकावरून आलेल्या बदलांच्याच जुन्या प्रती ठेवल्या जातात, इथल्या इथे केलेल्या बदलांच्या नाही. वरच्या प्रसंगात हरवलेली प्रत म्हणूनच सापडली तर लॅपटॉपवर सापडेल.

नोंदीगणिक फाइल

नोंदी लिहायची ऑब्सिडियनसारखी साधनं साध्या मार्कडाउन फाइलींवर (साधा मजकूर आणि मांडणीच्या थोड्या खुणा) चालतात. दोन संगणकांवर दोन वेगळ्या नोंदी बदलल्या तर भांडणच नाही, आणि बाहेरून बदललेली फाइल ऑब्सिडियन स्वतःहून वाचून घेतो. फक्त कोणत्या खिडक्या उघड्या होत्या ते लिहून ठेवणारी ‘वर्कस्पेस’ फाइल सिंकमधून वगळा, नाहीतर तिच्याच कॉन्फ्लिक्ट प्रती साचत राहतात.

टिडलीविकीही नोड-जेएसवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम, थोडक्यात नोड) चालवला तर नोंदी सुट्या फाइलींत ठेवतो. मात्र तो सुरू होताना फाइली वाचतो, नंतर फोल्डरवर नजर ठेवत नाही. प्रत्येक संगणकावर वेगळा नोड आणि खाली सिंकथिंग अशी जोडणी केलीत, तर दुसरीकडून आलेल्या नोंदी दिसायला तो बंद करून पुन्हा सुरू करावा लागेल. या वापरात ऑब्सिडियन निर्विवाद पुढे आहे.

गिट, म्हणजे कोड लिहिणारे फाइलींच्या आवृत्त्या सांभाळायला वापरतात ते साधन, सर्वांत भरवशाचं आणि सर्वांत कटकटीचं. काय, कधी, कुठे बदललं याचा पूर्ण इतिहास मिळतो आणि गुपचूप काही पुसलं जात नाही. पण बसताना पुल (नवे बदल आणणं), उठताना कमिट (बदल नोंदवणं) आणि पुश (ते पाठवणं) ही शिस्त पाळावी लागते. त्यात गिट ओळीनुसार तुलना करतं, आणि आपण परिच्छेद सहसा एकाच लांब ओळीत लिहितो. दोन्हीकडे एकेक शब्द बदलला तरी अख्खा परिच्छेद वादात सापडतो. कोड लिहिणाऱ्यांना हे अंगवळणी पडलेलं असतं. बाकीच्यांना मी सुचवणार नाही.

सिंक टाळणं

विकी एकाच सर्व्हरवर ठेवून सगळीकडून ब्राउझरने उघडला, तर प्रती जुळवण्याचा प्रश्नच उरत नाही. टिडलीविकीची एक फाइल वेबडॅव्हवर (सर्व्हरवरच्या फाइली वेबवरून वाचायची-लिहायची पद्धत) ठेवण्यात आणखी एक फायदा आहे: मधल्या काळात सर्व्हरवरची फाइल बदलली असेल तर सेव्ह करताना तो अडवतो. अर्थात पासवर्ड, बॅकअप, अपडेट हे सगळं आपल्या गळ्यात येतं, आणि नेट गेलं की विकीही गेला.

एका वेळी एकच संगणक वापरणाऱ्याने एक फाइल आणि ड्रॉपबॉक्स यावर निर्धास्त राहावं, फक्त उठताना टॅब बंद करावा. टॅब उघडे ठेवायची सवय सुटणारी नसेल तर ऑब्सिडियनच्या सुट्या फाइली आणि सिंकथिंग. नेटची खात्री असेल आणि सर्व्हर सांभाळायची हौस असेल तरच तिसरा मार्ग.

सुरुवात एका फाइलीने केली म्हणून अडकून पडायला होत नाही. नोडवरच्या टिडलीविकीत ‘सेव्हविकीफोल्डर’ ही आज्ञा आहे, ती अख्खी फाइल सुट्या नोंदींच्या फोल्डरमध्ये मोकळी करून देते.