नागपूरच्या बर्डीतलं (सीताबर्डी) लॅपटॉप रिपेरिंगचं दुकान, लिनक्सवाल्यांनी नक्की जा

लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स आहे म्हटलं की बरेच दुकानवाले हात वर करतात, इथं मात्र नीट बघून देतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

भाऊ दुबईहून आला तेव्हा त्याचा लॅपटॉप मला देऊन गेला, उबंटू 22.04 वाला (लिनक्सचाच एक प्रकार), मशीन एकदम चांगली पण घड्याळ कायम दीड तास मागं. ऑटोमॅटिक टाइमझोन चालू असूनही नागपुरात येऊन झोन काही बदलेना. घराजवळच्या एका दुकानात नेला तर त्यांनी टाइम हातानं पुढं करून दिला, आता घरी नेट लागलं की घड्याळ इंटरनेटवरून परत जुळतं आणि पुन्हा दीड तास मागं, तर म्हणे फॉरमॅट मारा नि विंडोज टाका. कायले पण?

बर्डीतल्या दादांनी आधी एवढंच विचारलं, "फरक नेमका किती पडून राहिला?" दीड तास म्हटल्यावर लगेच म्हणाले, घड्याळ बरोबर आहे, झोन दुबईचा राहिला. दुबई यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, 4 तास पुढं, आपण साडेपाच. हाच फरक साडेपाच तासांचा असता तर त्यांनी सोबत विंडोज आहे का ते विचारलं असतं, कारण विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात लोकल टाइम ठेवतं आणि लिनक्स तोच यूटीसी समजून वर साडेपाच तास चढवतं. आणि दर वेळी बंद केल्यावर भलतीच तारीख आली तर सीमॉसची बॅटरी बघायची, लॅपटॉप बंद असताना घड्याळ तीच चालवते. किती सरळ हिशोब आहे, पण कोणी विचारतच नाही!

ऑटोमॅटिक का चाललं नाही तेही सांगितलं. जागा ओळखायचं काम लिनक्समधलं जिओक्लू नावाचं सॉफ्टवेअर करतं, ते मोझिलाच्या लोकेशन सर्व्हिसला विचारायचं आणि ती सर्व्हिस 2024 मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या व्हर्जनमध्ये जागाच कळत नाही आणि जुना झोन तसाच चिकटून राहतो. मग ऑटोमॅटिक बंद केलं, टाइमडेटसीटीएल या कमांडनं एशिया/कोलकाता झोन सेट केला (नागपूर नावाचा झोन नसतो, अख्ख्या भारताला हाच), स्क्रीनच्या वरचं घड्याळ बरोबर झालं. तरी टर्मिनलमध्ये डेट कमांड दुबईचाच टाइम दाखवत होती! इथं दुसरा कोणी "झालं" म्हणून लॅपटॉप हातात दिला असता. यांनी शोधलं, भावानं टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये टीझेड व्हेरिएबल, म्हणजे झोन ठरवणारी ओळ, लिहून ठेवली होती, ती सिस्टिमच्या झोनला मागं टाकते. ती ओळ काढली, ठरल्या वेळी कामं चालवणारं क्रॉनपण रीस्टार्ट केलं कारण ते जुन्याच झोननं चालत राहतं, माझा रात्रीचा बॅकअप त्याच्यावरच आहे.

सगळं माझ्यासमोर केलं, पासवर्ड मलाच टाकायला लावला, डेटाला हात नाही. पैसेही वाजवी.

दुकान पहिल्या माळ्यावर आहे, जिना अरुंद, संध्याकाळी गर्दी फार, सकाळी गेलात तर निवांत बोलतात. गाडी नेऊ नका, बर्डीत पार्किंगची बोंब आहे, मेट्रोनं सीताबर्डी इंटरचेंजला उतरून पायी जा.