सीपी चेअर आणि अर्धगोल टेबल : आठ-नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या सहा वर्षांच्या मुलीला स्पास्टिक डायप्लेजिया या प्रकारची सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) आहे. घट्टपणा पायांत अधिक आहे, हातांत त्यामानाने कमी. तरी डावा हात मागे राहतो. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून आम्ही तिच्यासाठी लाकडी सीपी चेअर, म्हणजे सेरेब्रल पाल्सी (सीपी) असलेल्या मुलांसाठीची पट्टे आणि पायपाट असलेली आधाराची खुर्ची, आणि पुढून अर्धगोल कापलेले टेबल वापरत आहोत.

मूल नीट बसावे म्हणून ही खुर्ची घेतली जाते, परंतु माझ्या मते तिचा खरा लाभ हातांना होतो. जमिनीवर पाय पसरून बसवले की मांडीमागचे घट्ट स्नायू कंबर मागे ओढतात, पाठीला पोक येते आणि तोल सांभाळण्यासाठी एक हात सतत जमिनीला टेकलेला राहतो. खेळायला उरतो तो एकच हात, आणि तो अर्थातच चांगला हात असतो. खुर्चीत कंबर मागे टेकलेली, गुडघे काटकोनात, पावले पायपाटावर पूर्ण टेकलेली आणि टेबल कोपरांच्या उंचीला असले, की दोन्ही हात मोकळे होतात.

अर्थात, नुसत्या बसण्याने हात सुधारत नाहीत. चांगला हात बांधून कमजोर हाताला काम देण्याची पद्धत मुख्यतः एका बाजूच्या पाल्सीसाठी आहे, त्यामुळे आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजची कामे करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांनी) दोन्ही हातांची, घरात खरोखर लागणारी कामे निवडली. डब्याचे झाकण उघडणे, कोथिंबीर निवडणे आणि हिवाळ्यात वाटाणे सोलणे. सुरुवातीला शेंग डाव्या हातात दिली की मूठ आवळली जाई, कोपर मागे खेचले जाई आणि शेंग चुरगळे. टेबल थोडे वर घेऊन हातांची दोन्ही कोपरे त्यावर टेकवल्यावर मूठ हळूहळू सैल पडू लागली. आता ती डाव्या हाताने शेंग धरते आणि उजव्या अंगठ्याने शिवण दाबून दाणे काढते. सीपी असलेली मुले रोजच्या कामांत हात कसे वापरतात हे सांगणाऱ्या मॅक्स (MACS) या पाच पातळ्यांच्या वर्गीकरणात ती तिसऱ्या पातळीवर होती आणि आजही आहे. ही पातळी सहसा बदलत नाही, हे थेरपिस्टनी आधीच सांगितले होते. मला मात्र ती शेंग महत्त्वाची वाटते.

आता उणिवा. कमरेचा पट्टा पोटाच्या उंचीवर ठोकलेला होता, त्यामुळे ती खाली घसरे आणि पट्टा बरगड्यांपर्यंत चढे. तो मांडी आणि कमरेच्या सांध्यावरून, तिरका खाली-मागे जायला हवा. विक्रेत्याने बदलून देण्यास नकार दिला. शेवटी आमच्या सुताराने ते काम केले. छातीचा पट्टा आम्ही थेरपिस्टच्या सल्ल्याने क्रमाक्रमाने सैल केला, कारण सगळा भार पट्ट्याने उचलला तर पाठ आणि पोटाचे स्नायू कामच करत नाहीत. खुर्ची जड आहे, आणि दिवसभर तिच्यातच बसवून ठेवणे योग्य नाही. जमिनीवरचा खेळ आणि स्टँडिंग फ्रेम (आधाराने उभे राहण्याची चौकट) यांना वेळ राहिलाच पाहिजे.

अपंग व्यक्तींना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून पात्र कुटुंबांना एलिम्को या सरकारी कंपनीची सीपी चेअर मिळू शकते, तेव्हा विकत घेण्यापूर्वी तेथे चौकशी करावी. विकत घेणार असाल तर मापे थेरपिस्टकडूनच घ्या आणि पायपाटाची उंची व बसायच्या फळीची मागून पुढेपर्यंतची लांबी पुढे मूल वाढल्यावर बदलता येते का, हे पैसे देण्याआधी स्वतः स्क्रू फिरवून पाहा. आमच्या खुर्चीचा पायपाट आताच शेवटच्या भोकावर आला आहे.