सिरप की गोळी? लेकीच्या फिटच्या औषधाचा आमचा अनुभव

लेकीचं फिटचं औषध चौथ्या वर्षी सुरू झालं, आता तिला सातवं लागलंय. औषध तेच, लेवेटिरासिटाम, सकाळ-रात्र. आधी अडीच वर्षं सिरप, गेले सहा महिने गोळी. कुठलं औषध आणि किती, हा डॉक्टरांचा प्रांत. पण पातळ द्यायचं की गोळी, हा प्रश्न कधीतरी आपल्यापुढे येतो आणि तेव्हा डॉक्टरही विचारतात, "घरी काय जमतंय तुम्हाला?"

सिरपची बाजू पडती नाही, हे आधीच सांगतो. मूल लहान असताना तर निवड नसतेच. या औषधाच्या बाबतीत साधारण 20 किलोपर्यंत सिरपच देतात. एका मिलीत 100 मिलिग्रॅम, त्यामुळे वजन वाढेल तसा डोस 1.4 मिली, मग 1.8, मग 2 असा हळूहळू सरकवता येतो. गोळीचं तसं नाही. अर्ध्याच्या खाली तोडायला गेलं की हातात भुगाच येतो.

बारीकसारीक कटकटी आम्ही चालवून घेतल्या. खोक्यातल्या मापाच्या टोपणात 1.8 मिली कसं मोजणार? म्हणून सिरिंज. तिच्यावरच्या रेघा धुऊन धुऊन महिन्याभरात पुसट. फडताळात बाटलीखाली चिकट वर्तुळ आणि त्याभोवती मुंग्या. डोस अडीच मिलीवर गेल्यावर 100 मिलीची बाटली वीस दिवसांत संपायची, म्हणजे मेडिकलवाल्याशी घरोबा.

माझा धीर सुटला तो थुंकण्यामुळे.

सिरिंज गालाच्या आत धरून हळूहळू सोडा, असं सगळे सांगतात. सोडलं. तिने ते गालात धरून ठेवलं, माझ्याकडे बघितलं आणि फुर्रकन उडवलं. थोडं हनुवटीवर, थोडं फ्रॉकवर, थोडं माझ्या चष्म्यावर. आता पोटात किती गेलं? ही म्हणाली, "अर्धं तरी गेलंय." मला वाटत होतं पाव. परत द्यावं तर जास्त होईल, न द्यावं तर कमी पडेल. मुलांच्या शरीरात या औषधाचं प्रमाण पाच-सहा तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे रात्रीचा डोस अर्धवट गेला की पहाटेची धास्ती. आमच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की किती गेलं ते कळत नसेल तर अंदाजाने पुन्हा देऊ नका, फोन करा. तुमचे डॉक्टर कदाचित वेगळं सांगतील, आधीच विचारून ठेवा. पण रात्री साडेनऊला आठवड्यातून दोनदा फोन करायचा तरी कसा? मग फ्रॉकवरचा डाग किती मोठा आहे ते बघत बसायचं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात शाळेचा नंबर दिसला की पोटात गोळा. बहुतेक वेळा डबा विसरलेला असायचा.

तिचं वजन 20 किलोच्या वर गेलं तेव्हा मीच गोळीचा विषय काढला. अडीच मिली सिरप म्हणजे 250 मिलिग्रॅम, आणि तेवढ्याच ताकदीची गोळी मिळते. हिशेब सोपा निघाला, गिळणं नाही. पहिल्या दिवशी डॉक्टरांना विचारून गोळी चुरली आणि श्रीखंडात घातली. वरचं आवरण गेलं की ती इतकी कडू लागते की लेकीने तेव्हापासून श्रीखंड सोडलंय. (वर एक्सआर किंवा सीआर लिहिलेली, म्हणजे पोटात हळूहळू औषध सोडणारी गोळी मात्र कधीच चुरू नये.) मग सुट्टीत सराव सुरू केला. आधी बडीशेपेची रंगीत गोळी, ती मान न वाकडी करता पाण्याबरोबर गिळायची, मग साबुदाण्याची छोटी गुठळी, मग खरी गोळी. बारा-तेरा दिवस लागले. तोवर सिरप चालूच होतं, एकही डोस चुकवायचा नव्हता.

आता ती गोळी गिळते आणि जीभ बाहेर काढून दाखवते. गेली म्हणजे गेली. कधी थुंकलीच तर गोळी अख्खी फरशीवर दिसते, वाद नाही. सात दिवसांचा सकाळ-रात्र खणांचा डबा आणल्यापासून "दिलंस का?" "मला वाटलं तू दिलंस" हेही थांबलं. खण रिकामा म्हणजे दिलं. बाटलीकडे बघून हे कधी कळत नसे. मे महिन्यात कोकणात गेलो तेव्हा गोळ्यांचं पाकीट चुकून घरीच राहिलं. तालुक्याच्या मेडिकलमध्ये आमच्या नेहमीच्याच कंपनीची गोळी चिठ्ठी दाखवताच मिळाली. सिरप असतं तर मागवावं लागलं असतं, असं तिथला मेडिकलवालाच म्हणाला.

तरीही, मूल पाचच्या आत असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा डोस अजून दर भेटीत बदलत असेल, तर मी सिरपच म्हणेन. घाईने गोळीवर जाण्यात काही शहाणपण नाही. गोळी घशात अडकली तर ती धास्ती थुंकण्याहून वाईट.

आणि आम्हीही सिरप पुरतं सोडलेलं नाही. ताप आला, घसा धरला की तिला गोळी नको होते. त्या दिवसांसाठी डॉक्टरांनी चिठ्ठीवर दोन्ही लिहून दिलंय. न फोडलेली एक बाटली कपाटात असते, शेजारी कोरी सिरिंज, रेघा शाबूत असलेली.