चार जुनी गेम-मासिकं: आधी कोणती फाइल उघडावी?

नव्वदच्या दशकातल्या एखाद्या गेम-मासिकाची फाइल म्हणजे साधारण शंभराच्या आसपास अंक. रोज रात्री जेवणानंतर तासभर वाचायचं म्हटलं तरी एका फाइलला वर्ष सहज लागतं. 'सगळंच थोडं थोडं चाळू' असं ठरवलं, की चार मुखपृष्ठं आणि दहा जाहिराती बघून उत्साह मावळतो. त्यापेक्षा एक मासिक निवडावं, त्याला वर्ष द्यावं, मग दुसऱ्याकडे वळावं. कोणतं निवडावं हे ठरवणाऱ्यांसाठी इथे चार मासिकं शेजारी शेजारी ठेवतो: अमेरिकेतली निन्टेंडो पॉवर आणि इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली, म्हणजे ईजीएम, आणि ब्रिटनमधली अमिगा पॉवर आणि एज. जपानी वाचता येत असेल, तर मात्र या चौघांच्या आधी फॅमित्सू हे जपानी गेम-मासिक. ते १९८६ पासूनचं आहे, आणि चार परीक्षकांनी प्रत्येकी १० पैकी गुण देऊन ४० ची बेरीज करायची त्याची पद्धत पुढे इतरांनी उचलली. त्या मासिकाने पहिल्यांदा ४० पैकी ४० दिले ते १९९८ मध्ये, झेल्डा मालिकेतल्या ऑकॅरिना ऑफ टाइमला.

तुलनेचा माझा पहिला निकष छपाई किंवा पानांची संख्या नाही. मासिक कुणाच्या पैशावर चालत होतं, आणि म्हणून वाचकाशी मोकळं बोलायची किती मुभा संपादकांना होती, हे मी आधी बघतो. एकदा ते कळलं, की त्याच अंकातलं काय जसंच्या तसं घ्यायचं आणि काय पारखून घ्यायचं, हे आपोआप उमगतं.

निन्टेंडो पॉवरचं उत्तर सरळ आहे. ते निन्टेंडो या जपानी गेम-कंपनीच्या अमेरिकी शाखेचं, निन्टेंडो ऑफ अमेरिकाचं, स्वतःचं मासिक होतं. पहिला अंक १९८८ च्या जुलै-ऑगस्टचा, मुखपृष्ठावर सुपर मारियो ब्रदर्स २ मधला मातीचा घडवलेला मारियो. कंपनीच्या फॅन क्लबच्या सभासदांना तो फुकट पाठवला होता. म्हणजे या मासिकात निन्टेंडोच्या गेमवर कठोर टीका शोधायला जाऊ नये. १९९४ मध्ये डाँकी काँग कंट्री येण्याआधी वर्गणीदारांच्या घरी त्या गेमची व्हिडिओ कॅसेट पोचली होती; मासिक आणि जाहिरात यांच्यात तिथे भिंतच नव्हती.

तरीही हे मासिक मला मनापासून आवडतं, आणि ते नकाशांसाठी. एकेका लेव्हलचे पडदे जोडून केलेले सलग नकाशे, कोणत्या भिंतीआड काय दडलंय याच्या खुणा, कोणत्या शत्रूला कुठून मारायचं याची चित्रं. अडलेल्या मुलांना फोनवर वाट सांगणाऱ्या निन्टेंडोच्या सल्लागारांचं एक सदरही त्यात असायचं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेमच्या ज्या कॅसेट मिळायच्या, त्यांच्याबरोबर माहितीपुस्तिका क्वचितच यायची. काँट्रा या गेममध्ये 'वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए' दाबलं की तीस जीव मिळतात, हे शेजारच्या दादाकडून कळायचं. गेमची गोष्ट काय, आपण नक्की कुणाला वाचवायला निघालोय, हे अनेकांना शेवटपर्यंत कळलं नाही. निन्टेंडो पॉवर वाचताना ती राहून गेलेली पुस्तिका तीस वर्षांनी हातात आल्यासारखं वाटतं. ज्यांना ते गेम आज पुन्हा खेळायचे आहेत, त्यांनी दुसरीकडे बघूच नये. १९९२ चे अंक मिळाले तर झेल्डावरची शोतारो इशिनोमोरी यांची क्रमशः चित्रकथा चुकवू नका.

ईजीएम वेगळ्या मातीचं. १९८९ मध्ये स्टीव्ह हॅरिस यांनी सुरू केलेलं, कोणत्याही कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचं गेम-मशीन, बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीचं नसलेलं. पैसा यायचा तो जाहिरातदारांकडून आणि स्टॉलवरच्या विक्रीतून. त्यामुळे सेगा आणि निन्टेंडोची भांडणं, जपानमधल्या बातम्या, अफवा, सगळं इथे एका अंगणात नांदतं. नाताळच्या सुमाराचे अंक तर ३०० पानांच्या पुढे जायचे. आपल्या दिवाळी अंकाची जाडी आठवावी असे. त्यात जाहिराती प्रचंड, पण त्या वगळू नका. कोणती कंपनी कोणत्या महिन्यात किती पानं विकत घेत होती आणि केव्हा दिसेनाशी झाली, हे बघता बघता बाजाराची चढउतार समजते.

परीक्षणं फॅमित्सूच्याच वळणावर: चार जण, चार छोटे परिच्छेद, चार गुण. एकाला आवडलेला गेम दुसऱ्याला मुळीच आवडलेला नाही, हे एकाच पानावर दिसतं. त्यातला सुशी-एक्स हा चेहरा झाकलेला निन्जा, फायटिंग गेमचा भक्त. परिच्छेद फार लहान असल्यामुळे खोल विचार मिळत नाही, हा या पद्धतीचा तोटा. मात्र चौघांची आवड-निवड चार-सहा अंकांत ओळखीची होते, आणि मग गुणांपेक्षा कोण बोलतंय याकडे लक्ष जातं.

ईजीएम निवडलंत, तर १९९२ चा एप्रिल अंक आधी वाचा. स्ट्रीट फायटर २ या मारामारीच्या गेममधला योद्धा रियू जिंकल्यावर म्हणतो, 'शेंग लाँगला हरवल्याशिवाय तुझा निभाव लागणार नाही.' हा शेंग लाँग कोण? खरं तर कुणीच नाही. मूळ जपानी वाक्यात रियू आपल्या शोरयुकेन या डावाबद्दल बोलत होता. त्या चिनी अक्षरांचा चिनी उच्चार उचलला गेला, आणि डावाचा माणूस झाला. ईजीएमने एप्रिल फूल म्हणून छापलं, की हा गुप्त योद्धा गेममध्ये आहे. अट अशी: रियू घेऊन एकही फटका न खाता शेवटचा शत्रू एम. बायसनपर्यंत पोचायचं, आणि मग बायसनशी लढताना एकमेकांना स्पर्शही होऊ न देता, वेळ संपवत संपवत, दहा राउंड बरोबरीत काढायचे. मुलांनी आर्केडमध्ये नाण्यांवर नाणी घातली. ही थट्टा होती हे मासिकाने त्याच वर्षाच्या शेवटी कबूल केलं. १९९४ मध्ये सुपर स्ट्रीट फायटर २ टर्बोमध्ये कॅपकॉमने, म्हणजे ही गेम-मालिका बनवणाऱ्या कंपनीने, अकूमा आणला. अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूसमोर तो अचानक प्रकटतो, बायसनला संपवतो आणि स्वतः लढायला उभा राहतो. छापलेल्या चार ओळींनंतर दोन वर्षांत गेममध्ये त्याच धाटणीचा योद्धा उभा राहतो, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

दुसरा टप्पा १९९५ चा. सेगाने आपल्या सॅटर्न या नव्या मशीनसाठी २ सप्टेंबर ही तारीख जाहीर केली होती. ११ मे रोजी, लॉस एंजेलिसमधल्या ई-थ्री या गेम-उद्योगाच्या पहिल्या प्रदर्शनात, त्यांनी सांगितलं की मशीन ठरावीक दुकानांत आत्ताच आलंय, किंमत ३९९ डॉलर. त्याच दिवशी सोनीच्या बाजूने स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, '२९९' एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. प्लेस्टेशन ९ सप्टेंबरला अमेरिकेत आलं. आता हे मासिकाच्या बाजूने बघा. मजकूर लिहून झाल्यापासून अंक स्टॉलवर येईपर्यंत तेव्हा दोन-तीन महिने सहज जायचे. छापखान्यात गेलेल्या पानांना मेमधली ही बातमी गाठणं शक्यच नव्हतं. म्हणून त्या उन्हाळ्यातले अंक वाचताना मुखपृष्ठावरच्या महिन्यापेक्षा आतला मजकूर नेहमी मागचा आहे, हे धरून चाला. हा हिशेब चारही मासिकांना लागू आहे. ईजीएममध्ये बातम्या जास्त, म्हणून तो तिथे जास्त जाणवतो. १९९६ मध्ये हे मासिक झिफ डेव्हिस या प्रकाशन कंपनीने विकत घेतलं. त्यानंतरचे अंक अधिक नीटनेटके आहेत, पण पहिला घाईगर्दीचा उत्साह मला त्याआधीच्या अंकांतच सापडतो.

उरलेली दोन ब्रिटिश मासिकं एकाच घरातली: प्रकाशक फ्यूचर, गाव बाथ. स्वभावाने मात्र दोन टोकं.

अमिगा या घरगुती कॉम्प्युटरच्या गेमसाठीचं अमिगा पॉवर मे १९९१ ते सप्टेंबर १९९६, एकूण ६५ अंक. चौघांतली ही एकमेव फाइल जी सुरुवातीपासून शेवटापर्यंत खरोखर वाचून संपते, आणि ठरवणाऱ्यासाठी ही मोठी सोय आहे. त्यांचा आग्रह एका गोष्टीचा होता: गुण शंभरपैकी द्यायचे, तर १ ते १०० हे सगळे आकडे वापरायचे. मध्यम गेम म्हणजे ५०. इतर मासिकांत ७० च्या पुढचे गुण म्हणजे 'ठीक आहे' असा अर्थ होऊन बसला होता. तिथे अमिगा पॉवर एखाद्या गेमला बिनदिक्कत एक आकडी गुण द्यायचं. गेम कंपन्या चिडायच्या. टीम १७ या कंपनीने तर आपले गेम परीक्षणासाठी पाठवणंच बंद केलं. तरी परीक्षणं थांबली नाहीत, आणि सूरही बदलला नाही. लेखक आपली बाजू पानभर मांडायचे: कंट्रोल का चुकलेत, अडचण कुठे खोटी आहे, खेळणाऱ्याचा वेळ कुठे वाया जातो. गेम चांगला का वाईट हे सांगायला भाषा लागते, आणि ती भाषा घडताना मला सगळ्यात जास्त या ६५ अंकांत दिसली.

यात एक दुःखाची गोष्टही आहे. कमोडोर ही अमिगा बनवणारी कंपनी एप्रिल १९९४ मध्ये बुडाली. त्यानंतरही दोन वर्षांहून अधिक काळ हे मासिक निघत राहिलं. नवे गेम आटत चाललेत, पानं कमी होत चाललीत, आणि लिहिणारे तेवढ्याच तळमळीने लिहितायत. शेवटची वीसेक अंकांची थप्पी वाचताना गळा दाटून येतो. अडचण एवढीच, की अमिगा मशीन आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलं. नावं अनोळखी, विनोद स्थानिक, आधीच्या अंकांतले संदर्भ पुढच्या अंकांत. पहिले पाच-सहा अंक धीराने काढावे लागतात.

एजची सुरुवात ऑक्टोबर १९९३ ची, पहिले संपादक स्टीव्ह जॅरेट. गेमकडे मोठ्या माणसांची कला आणि उद्योग म्हणून बघायचं, असा त्यांचा पवित्रा. परीक्षणाखाली लेखकाचं नाव नाही; मत मासिकाचं. गुण १० पैकी, आणि हात आखडता. पहिले १० पैकी १० मिळाले ते १९९६ मध्ये सुपर मारियो ६४ ला. येऊ घातलेली मशीन, त्यांच्या आतली चिप, ती बनवणाऱ्यांच्या मुलाखती, यावर एजइतकं शांतपणे आणि सविस्तर या चौघांत कुणी लिहिलं नाही.

एजवर एक ठपका कायमचा आहे: १९९४ मधलं डूम या राक्षसांवर गोळ्या झाडण्याच्या गेमचं परीक्षण. ७ गुण, आणि शेवटी खंत अशी, की या राक्षसांशी बोलता आलं असतं, मैत्री करता आली असती तर किती बरं झालं असतं. लोकांनी या वाक्याची टर उडवली. मला ते वाक्य प्रामाणिक वाटतं. डूमने पुढे किती गेम घडवले हे त्या परीक्षकाला दिसलं नाही, ही चूक खरी. पण गेममध्ये गोळी घालण्याखेरीज आणखी काही करता यावं ही त्याची इच्छा पुढे कितीतरी गेमनी पुरी केली. एज वाचायचं ते यासाठीच: तिथे लोक पुढच्या दहा वर्षांकडे बघत होते, आणि कधी कधी समोरची गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटत होती.

मग निवड. गेम खेळायचे असतील तर निन्टेंडो पॉवर. तो काळ, ती दुकानं, त्या अफवा हव्या असतील तर ईजीएम, १९८९ ते १९९६. तुम्ही स्वतः गेमवर लिहीत असाल किंवा गेम बनवत असाल, तर अमिगा पॉवर आधी आणि एज नंतर. हा क्रम उलटा करू नका. आधी एज वाचलं की त्याचा गंभीर सूर हाच योग्य सूर वाटू लागतो, आणि अमिगा पॉवरची तिखट, मोकळी भाषा पोरकट भासते. ती तशी नाही.

कागद की स्कॅन, हा वेगळा प्रश्न. वाचनासाठी स्कॅनच घ्या. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जानेवारी २०२५ मध्ये आपलं डिजिटल ग्रंथालय खुलं केलं. त्यात दीड हजारांहून अधिक जुने अंक आहेत आणि शब्द टाकून आतला मजकूर शोधता येतो. गडद रंगावर छापलेली अक्षरं मात्र अशा शोधात बरेचदा सुटतात, म्हणून हवं ते सापडलं नाही तर पानं उलटा. निन्टेंडो पॉवरच्या बाबतीत फाइल पूर्ण आहे का हे आधी बघा. इंटरनेट आर्काइव्हवरचा त्याचा मोठा संग्रह २०१६ मध्ये निन्टेंडोच्या मागणीवरून उतरवला गेला होता. वाचताना दोन पानं शेजारी दिसतील अशी मांडणी ठेवा, कारण नकाशे आणि मोठी चित्रं दोन पानांवर पसरलेली असतात.

कागदावर घ्यायचेच असतील तर मोजके घ्या. हे अंक गुळगुळीत, लेप दिलेल्या कागदावरचे. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्याची ओल लागली की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना छपाईच निघून येते. कपाटात आडवे रचू नका, उभे ठेवा, हवा खेळू द्या. आणि निन्टेंडो पॉवरचा अंक घेताना विकणाऱ्याला एक गोष्ट जरूर विचारा: आतलं पोस्टर अजून जागेवर आहे का? बहुतेक अंकांतलं ते तीस वर्षांपूर्वीच कुणीतरी काढून आपल्या खोलीच्या भिंतीवर लावलेलं असतं.