‘वूडू’ की ‘मामाज गन’: निओ सोलच्या दोन दुसऱ्या अल्बमांपैकी आधी कोणता?

निओ सोल, म्हणजे जुन्या सोल संगीताला हिप-हॉप आणि जॅझची जोड देणारी अमेरिकी शैली, ऐकायला सुरुवात करणाऱ्याला जाणकारांकडून हमखास दोन नावे सुचवली जातात: गायक डिअँजेलोचा ‘वूडू’ आणि गायिका एरिका बाडूचा ‘मामाज गन’. दोन्ही २००० सालचे, ‘वूडू’ जानेवारीतला आणि ‘मामाज गन’ वर्षाच्या अखेरीकडचा. आणि दोन्ही त्या त्या कलावंताचे दुसरे स्टुडिओ अल्बम. (बाडूचा १९९७ मधला ‘लाइव्ह’ हे मैफलीचे ध्वनिमुद्रण असल्यामुळे या मोजणीत येत नाही.) दोन्ही अल्बम तासाभराहून बरेच लांब आहेत, ‘वूडू’ सुमारे ७९ मिनिटांचा आणि ‘मामाज गन’ सुमारे ७२ मिनिटांचा, आणि दोन्ही पहिल्या फेरीत पूर्णपणे हाती लागत नाहीत. त्यामुळे आधी कोणता ऐकावा, किंवा एकच विकत घ्यायचा असेल तर कोणता घ्यावा, हा प्रश्न रास्त आहे.

तुलना अर्थपूर्ण ठरते ती दोघांचे घराणे एक असल्यामुळे. न्यूयॉर्कच्या ग्रीनविच व्हिलेजमध्ये गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने उभारलेल्या ‘इलेक्ट्रिक लेडी’ स्टुडिओत १९९० च्या दशकाच्या शेवटी ‘सोलक्वेरियन्स’ नावाने ओळखले जाणारे एक मित्रमंडळ जमत असे. ड्रमवादक क्वेस्टलव्ह, कीबोर्डवादक जेम्स पॉयझर, बासवादक पिनो पॅलाडिनो, ट्रम्पेटवादक रॉय हार्ग्रोव्ह आणि निर्माता जे डिला यांचा प्रभाव दोन्ही अल्बमांवर आहे. ‘मामाज गन’चे काही काम बाडूच्या डॅलस शहरातही झाले, परंतु त्याचा मूळ नाद याच स्टुडिओतला आहे. एवढे साम्य असूनही दोन अल्बम ऐकणाऱ्याकडून अगदी वेगवेगळ्या गोष्टी मागतात.

‘वूडू’ लय मागतो. जे डिला यंत्रावर ताल रचताना आघात मात्रेवर काटेकोर न ठेवता जाणूनबुजून किंचित सरकवत असे. तोच ढिलेपणा क्वेस्टलव्हने हाताने वाजवून साधला आहे. आघात मात्रेच्या थोडा मागे पडतो, बास त्याहूनही रेंगाळतो, आणि तरीही ठेका कोठेही सुटत नाही. ‘प्लाया प्लाया’ किंवा ‘चिकन ग्रीस’ पहिल्यांदा ऐकताना वादक गाफील आहेत की काय अशी शंका येते. दोन-तीन आवर्तनांनंतर तो ढिलेपणा किती मोजूनमापून ठेवलेला आहे हे लक्षात येते. समेवर येणे लांबवणारा तबलजी ज्यांना आवडतो, त्यांना हा आनंद ओळखीचा वाटेल. ‘द रूट’ आणि ‘स्पॅनिश जॉइंट’ या गाण्यांत चार्ली हंटर आठ तारांच्या गिटारवर बास आणि गिटार एकाच वेळी वाजवतो, आणि ध्वनिमुद्रक रसेल एलेवाडो याने हे सारे टेपवर मुद्रित केल्यामुळे नादाला एक जाड, उबदार पोत आला आहे. याची किंमत शब्दांना मोजावी लागते. डिअँजेलो आपल्याच आवाजाचे थर एकावर एक चढवतो आणि त्यांत ओळी विरघळून जातात. गीते हाताशी घेतल्याशिवाय अर्धे बोल कळत नाहीत. माझ्या मते ही उणीव नसून निवड आहे, पण गाण्यातून आधी अर्थ शोधणाऱ्याला ती नक्कीच खटकेल.

‘अनटायटल्ड’ या गाण्याविषयी स्वतंत्रपणे सांगायला हवे. गायक प्रिन्सच्या शैलीला वाहिलेली ही संथ, चढत जाणारी रचना शेवटी मधेच तुटते, आणि त्या तुटण्यातच तिची ताकद आहे. तिच्या चित्रफितीने मात्र गायकापेक्षा त्याच्या उघड्या शरीराला प्रसिद्धी दिली, आणि त्याचा त्याला पुढे त्रासच झाला. गाणे चित्रफीत न पाहता ऐकावे.

‘मामाज गन’ माणूस मागतो. येथे बाडूचा आवाज वाद्यांच्या पुढे आहे, शब्द स्वच्छ आहेत आणि प्रत्येक गाण्यात कोणीतरी कोणाशी तरी बोलत आहे. ‘क्लेव्हा’मध्ये ती आपल्या साध्या, अनलंकृत रूपाविषयी मिश्कीलपणे बोलते आणि मागे रॉय एअर्सचा व्हायब्राफोन किणकिणतो. ‘बॅग लेडी’मध्ये जुन्या दुःखांची ओझी वाहणाऱ्या बाईला ती खाली ठेवण्याचा सल्ला आहे; हे गाणे लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकेतील बिलबोर्ड या मुख्य यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ‘ए.डी. २०००’ हे १९९९ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांनी ४१ गोळ्या झाडून ज्याचा बळी घेतला त्या निःशस्त्र अमादू दियालोचे गाणे आहे. आवाज न चढवता ते गायले आहे, आणि त्यामुळे ते अधिक बोचते. सर्वांवर कडी करते ते शेवटचे, सुमारे दहा मिनिटांचे ‘ग्रीन आइज’. रॅपर आंद्रे ३००० या जोडीदाराशी झालेल्या ताटातुटीवरचे हे गाणे तीन भागांत उलगडते: जुन्या तबकडीच्या खरखरीत सुरू होणारा, डोळे हिरवे झाले ते मत्सराने नव्हे, भाजीपाल्याने, असा साळसूद बहाणा, मग तो बहाणा गळून पडणे, आणि शेवटी उघडे दुखणे. ‘वूडू’मध्ये या तोडीची कथा नाही.

गाण्यांतील विविधताही बाडूकडे अधिक आहे. ‘पेनिटेन्शरी फिलॉसॉफी’ रॉकच्या अंगाने गरजते, ‘इन लव्ह विथ यू’मध्ये स्टीफन मार्लीसोबतचे शांत द्वंद्वगीत आहे, तर जे डिलाने घडवलेले ‘डिडन्ट चा नो’ पहिल्याच ऐकण्यात मनात बसते. मधल्या भागात एक-दोन गाणी थोडी रेंगाळतात, हे मान्य करायला हवे. उलट ‘वूडू’ एकाच रंगात राहतो आणि त्यातल्या छटा दाखवतो. त्यात उपरा वाटतो तो मेथड मॅन आणि रेडमन या रॅपरांचा सहभाग असलेला ‘लेफ्ट अँड राइट’, जो मी बहुतेक वेळा ओलांडून पुढे जातो. शिवराळ शब्द दोन्हींत आहेत. घरात मोठ्याने लावताना ते ध्यानात ठेवावे.

ऐकण्याचे साधनही निर्णयात धरावे. ‘वूडू’चा जीव बासमध्ये आहे आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर तो अक्षरशः नाहीसा होतो, चांगले हेडफोन किंवा मोठे स्पीकर नसतील तर तो घेण्याची घाई करू नये. ‘मामाज गन’ साध्या साधनावरही तग धरतो, कारण आवाज आणि शब्द शाबूत राहतात.

म्हणून या संगीताशी नव्याने ओळख होत असेल, किंवा गाण्यात बोलांना अग्रक्रम असेल, तर मी ‘मामाज गन’ आधी सुचवीन, आणि त्यातही आरंभीच्या ‘पेनिटेन्शरी फिलॉसॉफी’च्या गर्जनेऐवजी ‘डिडन्ट चा नो’पासून. स्वतः तालवाद्य किंवा बास वाजवणाऱ्याने मात्र थेट ‘वूडू’ घ्यावा आणि ‘स्पॅनिश जॉइंट’पासून सुरुवात करावी. दोहोंतील थोर कृती कोणती, असे विचारले तर माझे मत ‘वूडू’ला आहे, पण तो पचायला काही महिने द्यावे लागतात, आणि डिअँजेलोचा पुढचा अल्बम ‘ब्लॅक मसायाह’ थेट २०१४ च्या डिसेंबरात आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये तो निवर्तला तेव्हा त्याच्या नावावर एवढे तीनच स्टुडिओ अल्बम होते, त्यामुळे ‘वूडू’ सावकाश ऐकण्यात काही बिघडत नाही.